शेळी दिली, सुईण कुठाय?

राज्य सरकारने २०२५ च्या जुलै महिन्यात पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीज शेतीच्या दराने, ग्रामपंचायतीचा कर शेतीच्या हिशेबाने, कर्जावरच्या व्याजात सवलत, असे त्याचे फायदे. निर्णय चांगला आहे, त्याचं स्वागतच करायला हवं. पण आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बाई, माझ्या दोन शेळ्यांना कुठला आलाय मीटर? माझी शेळी रात्री अडली तर कोण येणार, तेवढं सांग की."

बैठकीत हशा पिकला. पण मैत्रिणींनो, मला वाटतं त्या एका प्रश्नात सगळ्या धोरणाचा हिशेब आला. शेकडो जनावरांचा गोठा असणाऱ्याला विजेचं बिल महत्त्वाचं असतं. दोन शेळ्या असणारीला महत्त्वाची असते ती एक रात्र, शेळी विण्याची. त्या रात्री काय होतं यावर तिचं पुढचं वर्ष ठरतं.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. २०१२ च्या मानाने हा आकडा सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेला होता. एकट्या महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या होत्या. आमचा तालुका धाराशिव जिल्ह्यातला. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच म्हणवते! काळी, काटक, दुष्काळातही तग धरणारी आणि बरेचदा जुळी देणारी. भूमिहीन, कोरडवाहू घरातल्या बाईची ही चालती-बोलती ठेव. मुलीच्या कॉलेजची फी, सासूचं औषध, घरावरचे पत्रे, हे सगळं करडांच्या पैशातून येतं. चारा-पाणी बाई करते, झाडलोट बाई करते. बाजारात विकायला मात्र बरेचदा घरातला पुरुष नेतो, तो भाग वेगळा.

शेळी ही गरिबाची गाय, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सरकारलाही ते पटलेलं आहे. म्हणून तर 'दहा शेळ्या आणि एक बोकड' अशा गटवाटपाच्या योजना आहेत, अनुदान आहे, महिलांना प्राधान्य आहे. शेळ्या हाती देताना फोटो निघतात, भाषणं होतात. पाच महिन्यांनी त्या शेळ्या विणार, हे मात्र कुणाच्या वेळापत्रकात नसतं.

आपल्या स्वतःच्या बाळंतपणाचा विचार करून बघा. बाई घरी अडते आणि जाते, हे बदलायला हवं असं देशाने ठरवलं, तेव्हा नुसते पैसे देऊन भागलं नाही. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावात आशाताई आली. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ची गाडी आली. म्हणजे गावात एक जाणती बाई, हाताशी एक फोन नंबर आणि पुढे डॉक्टर, अशी साखळी उभी करावी लागली. शेळीसाठी या साखळीच्या कड्या सुट्या सुट्या आहेत. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे. २०२१ साली केंद्राच्या पशुसंवर्धन आणि ग्रामविकास खात्यांनी करार करून बचत गटातल्या पशुसखींना 'ए-हेल्प' या नावाने प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. तालुक्याला दवाखाना आहेच. पण रात्री दोन वाजता, वस्तीवरच्या गोठ्यात, या कड्या एकमेकींत अडकतात का, हा खरा प्रश्न आहे.

मी कला शाखेची पदवीधर. शेळीचं शास्त्र मला पुस्तकातून आलेलं नाही. ते मला गटातल्या बायकांनी शिकवलं आणि आमच्या गावात राहणाऱ्या एका निवृत्त पशुवैद्यक डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य मला फार आवडलं. ते म्हणाले, "ताई, बहुतेक शेळ्या कुणाच्या मदतीशिवाय वितात. म्हणून पहिली मदत म्हणजे लांब बसून लक्ष ठेवणं."

शेळीचा गाभणकाळ साधारण दीडशे दिवसांचा, पाच-सात दिवस मागेपुढे. बोकड कधी दाखवला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, तर निम्मी चिंता मिटते. दिवस भरत आले की कास ताणते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, शेळी कळपातून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, वळून वळून कुशीकडे बघते. हा टप्पा काही तास चालतो. त्यात घाई करायची नाही. मग पाण्याची पिशवी दिसते, शेळी जोर लावू लागते. सरळ असलेलं करडू पुढचे दोन पाय आणि त्यावर ठेवलेलं नाक, अशा बेताने येतं. विहिरीत सूर मारणारा पोरगा आठवा, अगदी तसं.

शेळी जोरजोराने कळा देतेय आणि अर्धा तास झाला तरी काहीच पुढे सरकत नाही, तेव्हा समजायचं की ती अडली. फोन करायचा तो याच वेळी. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. नुसतं डोकं आलंय आणि पाय नाहीत, एकच पाय आलाय, शेपटी आलीय, घाण वास येतोय, रक्त जास्त जातंय, यातलं काही दिसलं तर अर्धा तासही थांबायचं नाही.

आपल्याकडे शेळीचा जीव जातो तो बरेचदा इथेच. अडल्यामुळे जातो त्याहून ओढल्यामुळे जातो. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका घरी असंच झालं. एक पाय बाहेर दिसला, दोघा पोरांनी त्याला दोरी बांधून ताकद लावली. आत दुसरा पाय मागे दुमडलेला होता. पिशवी फाटली, करडू गेलं, दुसऱ्या दिवशी शेळीही गेली. कुणाची नियत वाईट नव्हती. काय करू नये हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

याच्या उलट एका तांड्यावरची गोष्ट. तिथल्या एका आजींनी हात स्वच्छ धुऊन आत चाचपून पाहिलं आणि सगळ्यांना बाजूला केलं. म्हणाल्या, "हे दोन पाय एका करडाचे न्हाईत, दोघांचे हायेत. ओढू नगा." जुळी एकमेकांत अडकली होती. आजींनी पायावरून हात फिरवत फिरवत खांद्यापर्यंत नेला, कुठला पाय कुणाचा ते ओळखलं, एका करडाला हलकेच मागे सारलं आणि दुसऱ्याला वाट करून दिली. दोन्ही करडं जगली. आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते अक्षरशः हेच होतं, की पाय कुणाचा हे खांद्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत माग काढल्याशिवाय ओढायचा नाही.

पुढचा पाय की मागचा, हेही अंधारात बोटांनी ओळखता येतं. खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच बाजूला वाकले, तर पाय पुढचा. एकमेकांच्या उलट वाकले, तर मागचा. मागचे दोन्ही पाय आधी आले तरी करडू निघू शकतं. फक्त कंबर बाहेर आली की मग रेंगाळायचं नाही. नाळ दबते आणि करडू आतल्या आतच श्वास घ्यायला जातं.

डॉक्टर येईपर्यंत किंवा फोनवर सांगत असतील तेव्हा हात घालायची वेळ आलीच, तर आधी बांगड्या-अंगठ्या काढायच्या, नखं कापायची, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, हातमोजे घालायचे. शेळीचा मागचा भागही धुवायचा. हात भरपूर बुळबुळीत हवा. औषधाच्या दुकानात त्यासाठी जेल मिळतं. लहान हाताच्या बाईने हे करावं, गड्याच्या रुंद पंजाचं हे काम नाही. कळ आली की ओढ द्यायची, कळ थांबली की आपणही थांबायचं. ओढ मागे सरळ नको, खाली शेळीच्या टाचांकडे हवी. दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही, तर हात बाहेर काढून शेळी थेट दवाखान्यात न्यायची. डोकं मागे वळलेलं, नुसती शेपटीच हाताला लागतेय, किंवा गर्भाशयाचं तोंडच उघडलेलं नाही, तर ते डॉक्टरांचं काम. काही वेळा सिझेरियनच करावं लागतं. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन कुणी परस्पर देऊ लागलं तर सरळ नाही म्हणायचं. वाट बंद असताना कळा वाढवल्या तर पिशवी फाटते.

मुळात शेळी अडते का, तेही बघायला हवं. हल्ली वजनदार करडांच्या हौसेने लहान चणीच्या पहिलारू शेळीला बोअरसारख्या भारी जातीचा बोकड दाखवतात. करडू मोठं, वाट लहान. दुसरं म्हणजे वाढ पूर्ण व्हायच्या आत शेळी गाभण राहू देणं. पाठ पुरती भरायच्या आधी आई केली की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! तिसरं, पोटात दोन-तीन करडं असताना शेवटच्या दीड महिन्यात खुराक न मिळणं. शेळी मलूल होते, बसून राहते, कळा द्यायची ताकदच उरत नाही. दारात बांधून नुसतं खाऊ घालून अंगाने सुटलेली शेळीही तितकीच अडते. रोज थोडं चालणं, थोडा खुराक, क्षारमिश्रण, एवढ्याने बरंच टळतं.

करडू बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकटा पुसायचा, कोरड्या फडक्याने अंग चोळायचं, श्वास घेत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत हलकी फिरवायची. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं. आणि तासाभराच्या आत चीक पाजायचा. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, असं आमच्याकडे अजून कितीतरी घरांत मानतात. खरं तर उलट आहे. करडू सडाला लागलं की शेळीच्या पिशवीला कळा येतात आणि वार पडायला मदतच होते. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवसभरात थोडा थोडा करून निदान दोनशे मिली चीक जायला हवा. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर. ती ओढायची नाही, तिला वजन बांधायचं नाही.

आता यातली मला सगळ्यात काळजीची वाटणारी गोष्ट. अडलेल्या शेळीला हात लावते ती बाई. शेळी गाभडली तर गोठा साफ करते तीही बाईच. उघड्या हातांनी. शेळीच्या वारेतून आणि पाण्यातून ब्रुसेलोसिस, क्यू-फीवर यांसारखे आजार माणसाला होतात. ताप येतो-जातो, सांधे धरतात, घाम फुटतो, अंगात त्राण राहत नाही. टायफॉइड समजून औषधं होतात, थकवा समजून बाई अंगावर काढते. रक्ततपासणी केली तर ब्रुसेलोसिस कळतो आणि त्यावर औषधंही आहेत. पण त्यासाठी डॉक्टरला कुणीतरी सांगायला हवं, की मी शेळीचं बाळंतपण केलं होतं. ते आपणहून सांगायचं सुचत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. गरोदर बाईने तर या कामाच्या जवळपासही जाऊ नये.

जनावरांच्या रोगनियंत्रणाचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात ब्रुसेलोसिसची लस ठरली ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. शेळ्या त्यात नाहीत. मोठ्या जनावराचा विचार आधी होतो हे समजू शकतं. पण मग निदान शेळी पाळणाऱ्या बाईला हातमोज्यांची जोडी आणि चार वाक्यांची माहिती द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी कुठली लस शोधावी लागत नाही.

इथे डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. एका दवाखान्याकडे कितीतरी गावं, दिवसा लसीकरण, कागदपत्रं, शिबिरं, आणि रात्री पुन्हा फोन. तेही माणूसच आहेत. म्हणून मधली कडी हवी. १९८४ च्या पशुवैद्यक कायद्याप्रमाणे उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा. पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. हे योग्यच आहे, नाहीतर गावोगाव सुया टोचत फिरणाऱ्यांचं फावेल. पण लक्ष ठेवणं, वेळेवर ओळखणं, स्वच्छता, सरळ येणाऱ्या करडाला आधार देणं, चीक पाजणं आणि मुख्य म्हणजे 'आता थांबा, डॉक्टरकडे न्या' असं ठामपणे सांगणं, हे पशुसखी नक्की करू शकते. बायकांना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी साताऱ्याच्या माण तालुक्यात जाऊन यावं. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने साध्या गावातल्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण दिलं. दारोदार जाऊन काम करणाऱ्या त्या बायकांना लोक 'शेळ्यांच्या डॉक्टर' म्हणून ओळखतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. शेळीवाटपाच्या प्रत्येक योजनेत बाळंतपणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं असावं. ते तालुक्याच्या सभागृहात नको, गावात गोठ्यावर हवं. आणि ज्या बाईच्या नावावर शेळी आहे तिलाच द्यायला हवं, तिच्या नवऱ्याला नव्हे. सोबत हातमोजे, आयोडीन, जेल यांची छोटी पिशवी द्यावी. रात्री निदान फोनवर सांगणारा डॉक्टर मिळावा. पशुसखीला मानधन वेळेवर मिळावं. आशाताईंना रस्त्यावर उतरून जे मागावं लागलं, ते पशुसखीलाही मागायला लावू नये. अनुदानाच्या रकमेपुढे हा खर्च फार मोठा नाही.

आपणही काही करू शकतो. विम्याचंच बघा. केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत जनावरांच्या विम्याच्या हप्त्यातला लाभार्थीचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला, बाकीचा सरकार भरतं. शेळीलाही तो लागू आहे. पण कानात बिल्ला नसेल, तर शेळी मेल्यावर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावासाठी पशुसखी कोण, तिला विण्याचं प्रशिक्षण मिळालंय का, १९६२ ची गाडी आपल्या तालुक्यात कोणत्या वेळेत येते, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. एकटीने विचारलं तर हसतील, वीसजणींनी विचारलं तर लिहून घेतील.

घरात शेळी असेल तर एवढं कापून गोठ्याच्या दाराला लावा:

- बोकड दाखवल्याची तारीख लिहा. त्यात दीडशे दिवस मिळवा.
- पशुवैद्यक, पशुसखी आणि १९६२ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. रात्री गाडी कुणाची मिळेल तेही आधीच विचारून ठेवा.
- जोराच्या कळा आणि अर्धा तास प्रगती नाही, तर फोन.
- दोरी बांधून, दोघांनी मिळून, किंवा कळ नसताना ओढायचं नाही.
- पाय कुणाचा हे कळल्याशिवाय ओढायचा नाही.
- हातमोज्यांशिवाय हात घालायचा नाही. गरोदर बाईने लांब राहायचं.
- तासाभरात चीक.
- वार आणि मेलेलं करडू कुत्र्यांना टाकायचं नाही. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं.
- शेळी गाभडली तर डॉक्टरांना कळवायचं. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही.
- नंतर आठवडाभराने किंवा महिन्याभराने ताप येत राहिला, तर दवाखान्यात शेळीचं सांगायचं.

शेळी हे बाईच्या सक्षमीकरणाचं साधन, असं व्यासपीठावरून नेहमी ऐकू येतं. सक्षमीकरण म्हणजे नुसतं दावं हातात देणं नव्हे. त्या दाव्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला जीव कसा जगवायचा, हे ज्ञानही हातात द्यावं लागतं. पशुपालनाला शेतीचा दर्जा मिळाला, फार बरं झालं. आता ज्या हातांवर ते पशुपालन उभं आहे, त्या हातांना शिक्षण आणि हातमोजे कधी मिळणार, एवढं सरकारने सांगावं. तोवर मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांआधी हा विषय घ्या.